बिनकामाचे चालणे

सकाळी बडोद्याच्या सयाजीबागेत जावे, तो एक विलक्षण दृश्य दृष्टीस पडते. शंभरएक सुशिक्षित गृहस्थ मनगटावरील यंत्राकडे डोळे लावून झपाझप चालले आहेत. बागेतूनच विश्वामित्री वाहते, पण तिच्याकडे कोणी मान वळवीत नाही. दहा हजार पावले भरली की मंडळी घरी परततात, हजेरी लागली! लोक यास आरोग्य म्हणतात. आम्ही यास बिनपगारी कारकुनी म्हणतो.

हा दहा हजारांचा आकडा कोणत्या ऋषीने सांगितला? १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. दुकानाच्या पाटीवरचा आकडा पुढे शास्त्रवचन होऊन बसला. २०१९ साली अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे साडेसात हजार पावलांपुढे अधिक लाभ आढळला नाही. चालणे हितकारक आहे याविषयी आमचा वाद नाही. वैद्याने सांगितले असेल त्याने अवश्य चालावे. आमचा वाद आहे तो मोजणीलाच चालण्याचा हेतू मानण्याशी.

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकास देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला आहे. १९६२ साली खरकसिंगाच्या खटल्यात पोलिसी पाळतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पोलिसांनी रात्री घरी येऊन तपास करणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. परंतु पाळतीने संचारस्वातंत्र्याचा भंग होतो, हे बहुमतास पटले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले. त्याचा आशय असा की, वाट कोणी अडविली नाही एवढ्याने मनुष्य मुक्त होत नाही. शिपायाच्या नजरेखाली चालणारा स्वतंत्र नव्हे. खरकसिंगाच्या मागे शिपाई सरकारने लावला होता. आम्ही तो पदरचे पैसे मोजून मनगटावर बांधला!

एकदा आमच्या पाच वर्षांच्या मुलीचे बोट धरून आम्ही मांडवीहून लहरीपुरा दरवाजाकडे निघालो. वाट पाच-सात मिनिटांची; आम्हांस पाऊण तास लागला. तिचा कायदा कडक होता. काळ्या फरशीवर पाय ठेवावयाचा नाही, मांजर दिसल्यास तिच्या मागे जावयाचे आणि प्रत्येक कोपऱ्यावर छापा-काटा करून वळावयाचे. त्या फेरीत एका घराच्या तुळईवरील कोरीव पोपट आम्हांस प्रथम दिसला. त्या घरावरून आम्ही बारा वर्षे जात-येत होतो.

‘हा पोरकटपणा वकिलास शोभत नाही,’ असे आमचे एक व्यवसायबंधू म्हणाले. शोभेचा प्रश्न आम्ही त्यांच्यावरच सोपवितो. खरा आक्षेप घेतला तो आमच्या पत्नीने. ती म्हणाली, “अहो, तुम्ही नाणे उडवून वाटेल तिकडे वळाल. मी वळले तर चार दारांतून विचारतील, ‘वहिनी, इकडे कुठे?’ ” तेव्हा कोठे आमच्या ध्यानी आले, की सायंकाळी ती रिकामी पिशवी हातात घेऊनच का बाहेर पडते. भाजी आणावयाची नसतेच. ती पिशवी हा तिचा परवाना असतो.

मुंबईच्या रस्त्यांविषयी तीन लेखिकांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या ग्रंथात हेच गाऱ्हाणे मांडले: स्त्रीला रस्त्यावर असण्यास नेहमी काही काम दाखवावे लागते. ज्या रस्त्यावर कारणाशिवाय रेंगाळता येत नाही, तो रस्ता सार्वजनिक कसला? म्हणून खेळत, रमत चालणे ही आम्ही चैन मानीत नाही. ती हक्काची वहिवाट आहे, आणि वहिवाट न राखल्यास हक्क बुडतो, हे वकिलाने सांगावयास नको.

गेल्या रविवारी आम्ही दोघे बाहेर पडलो. घड्याळ घरी ठेवले, पिशवीही. रावपुऱ्यातील पहिल्याच कोपऱ्यावर शेजारच्या काकूंनी विचारले, “कुठे निघालात?” पत्नी म्हणाली, “अजून ठरायचं आहे,” आणि तिने नाणे उडविले.