गवताची साक्ष

शनिशिंगणापूरच्या घरांना कवाडे नाहीत, याचे देशभर कौतुक होते. परंतु हे गाव ज्या नेवासे तालुक्यात वसले आहे, तेथे मुळा धरणाच्या कालव्यामागून येणारा चोर कवाडांनाही दाद देणारा नाही. उसाला बेसुमार पाणी द्यावे, निचऱ्याचे चर राहून जावेत, की भूजल वर चढते. पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे उरतात.

ऊस हार खातो अशा रानात कर्नाल गवत तग धरते. लिनियसने १७५९ साली ते फेस्टुका वंशात घातले. पुढे त्यास कोणी डिप्लाक्ने म्हटले, कोणी लेप्टोक्लोआ. नाव बदलले म्हणून गवताचा गुण बदलला नाही. जमिनीचे मात्र तसे नाही. खारवट जमिनीस गोडे पाणी व निचरा हवा. सोडियम चिकटून बसलेल्या चोपण जमिनीस जिप्समही हवे. नाव चुकले की उपाय चुकतो आणि शेतकऱ्याचा पैसा मातीत जातो.

कर्नाल गवताची मुळे चोपण मातीत पाण्याला वाट करून देतात, गुरांना चाराही मिळतो. पण निचऱ्याचे काम गवतावर सोपविता येणार नाही. राहुरीचे कृषी विद्यापीठ शेजारीच आहे. माती तपासून घेणे हे शेतकऱ्याचे, तर चर खणून ते वाहते ठेवणे हे शासनाचे कर्तव्य होय. शनिकोपाचे भय चोराला असेल. क्षाराला ते नाही.