दगडातील साक्षीदार

मिसर देशातील पिरॅमिडांच्या आसपास मसुरीच्या दाण्यासारखे चपटे खडे विखुरलेले आढळतात. बांधकामावरील मजुरांच्या शिदोरीतील उरलेली डाळच दगड होऊन पडली आहे, असे तेथील लोक सांगत. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही हकीकत लिहून ठेवली. वस्तुतः ती डाळ नव्हे. एके काळी तेथे समुद्र होता. त्यातील एकपेशीय जीवांची ती कवचे होत.

अशा जीवांची बहुतेक कवचे याहून पुष्कळच लहान असतात. दगडाची एक लहानशी ढलपी काचेवर चिकटवून ती मिलिमीटरच्या तीन शतांश भागाइतकी पातळ होईपर्यंत घासतात. मग तिच्यातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती कवचे स्पष्ट दिसतात. निरनिराळ्या काळी निरनिराळे जीव नांदत असल्यामुळे दगड कोणत्या थरातील, हे त्यावरून ओळखता येते.

या विद्येचा उपयोग काय, असे वाचक विचारतील. पॅरिसमधील पवित्र मरिया मातेचे महामंदिर, नोत्र दाम, आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. महागुरुस्वामी मोरिस द स्युली यांच्या कारकिर्दीत, ११६३ च्या सुमारास, त्याचे बांधकाम सुरू झाले. १५ एप्रिल २०१९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, त्याचे छप्पर जळाले, मनोरा कोसळला आणि दगडी कमानछताला भगदाडे पडली. तेथे नवा दगड बसवावयाचा तर कोणता? कोणताही चुनखडक चालत नाही. शेजारचा नवा दगड फार घट्ट असला तर ओल जुन्या दगडातच साठते आणि आठशे वर्षे टिकलेला चिरा भुगा होऊ लागतो.

मूळ दगड पॅरिसच्याच पोटातून आणि परिसरातून काढलेला. आता त्या खाणींवर शहर वसले आहे. काहींत तर जुन्या स्मशानांतील अस्थी रचून ठेविल्या आहेत. त्यामुळे त्याच थराचा दगड अन्यत्र शोधणे भाग होते. हा चुनखडक सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या तळच्या थरांत न्यूम्युलाइट सापडतात. फ्रेंच खाणकामगार त्या दगडाला जुन्या नाण्यावरून ‘लियारांचा दगड’ म्हणत. वरच्या थरांत मिलिओला जातीची कवचे इतकी दाटलेली असतात की, जणू वरीचे दाणेच पेरले आहेत. मात्र एकच थर कित्येक मैल पसरलेला असतो. कवचे थर सांगतात, खाणीचे नाव सांगत नाहीत. त्यासाठी दगडाचे कण, छिद्रे आणि जुने कागदपत्रही पाहावे लागतात. अखेर पॅरिसच्या उत्तरेकडील वाझ आणि एन या जिल्ह्यांतील खाणींतून त्याच जातीचा दगड आला, आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी नव्या वेदीवर मिस्साबली अर्पण झाला.

गोव्याकडील जांभ्याच्या देवळांना ही परीक्षा लागू पडत नाही. जांभा म्हणजे ऊन-पावसाने कुजून बनलेला खडक; त्यात अशी कवचे उरत नाहीत. काळा पाषाण तर लाव्हाच. तेव्हा आपल्या चर्चच्या कपाटात चिऱ्यांच्या खरेदीची एखादी जुनी वही असेल, तर तिला वाळवी लागण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवावी.