पेपरवेटातले मांजर आणि कारागिराचे नाव

आमच्या दुकानात गल्ल्यावर, बिलांच्या चळतीवर काचेचे एक पेपरवेट असते. वरून घुमटासारखे गोल, खालून सपाट. आत पिवळ्या जमिनीवर एक काळे मांजर बसले आहे. पंख्याने कागद उडू नयेत एवढेच त्याचे काम. पण गिऱ्हाईक कापड बाजूला ठेवून आधी तेच हातात घेते. यात आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी एक सबक आहे, तो आज मांडतो.

प्रथम मालाविषयी. फ्रान्समधल्या बाकारा, सें-लुई आणि क्लिशी या कारखान्यांनी १८४५ ते १८६० या काळात काचेच्या पोटात रंगीत काचेची फुले बसवून पेपरवेट केली. ते अस्सल भट्टीचे हुनर. आज सजावटीचा जो माल मिळतो तो बहुधा साधा असतो. काचेच्या सपाट बाजूला छापील चित्र पारदर्शक गोंदाने चिकटवतात आणि खाली जाड कापडाचा तुकडा लावतात. काच फुगीर असल्याने चित्र मोठे दिसते. गोंदात राहिलेला हवेचा बुडबुडाही तसाच मोठा दिसतो. काच थोडी, कागद त्याहून थोडा. मग दाम कशाचे? चित्राचे आणि चित्रामागच्या नावाचे.

हे मांजर स्टैंलेन या चित्रकाराचे. पॅरिसमधल्या ‘काळे मांजर’ नावाच्या करमणूकघराच्या दौऱ्यासाठी त्याने १८९६ साली हे पोस्टर काढले. त्या जागेशी आपल्याला काही घेणे नाही. घेणे आहे ते कारागिराशी. स्टैंलेन मूळचा स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा. पॅरिसला येण्यापूर्वी तो म्युलूझ या छापील कापडाच्या शहरात, एका गिरणीत नक्षी काढण्याचे काम करी. म्हणजे आपल्याच धंद्यातला माणूस! कापडावर नक्षीवाल्याचे नाव येत नाही, हे आपण जाणतोच. पोस्टरावर मात्र त्याचे नाव आले आणि ते आजतागायत टिकले.

फ्रान्समध्ये १८८१ च्या कायद्याने भिंतींवर कागद लावण्याची मोकळीक दिली आणि शहरे रंगीत पोस्टरांनी भरली. या कामाचा उस्ताद झ्यूल शेरे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचा हा मुलगा तेराव्या वर्षी शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवार म्हणून बसला. त्याच माणसाला सरकारने १८९० मध्ये ‘लिजन ऑफ ऑनर’ हा मोठा किताब दिला. पुढे १८९५ ते १९०० या वर्षांत निवडक २५६ पोस्टरे लहान आकारात छापून दरमहा ग्राहकांना विकली गेली. त्या मालिकेच्या नावाचा अर्थच ‘पोस्टरांचे उस्ताद’ असा होता. मूळ जाहिरात पावसात भिजून गेली. माल मात्र संपला नाही, कारण विकले जात होते ते उस्तादाचे नाव.

आता आपल्याकडे पाहू. मिसर आणि शाममध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात मशिदींसाठी मीनाकारी केलेले काचेचे दिवे बनत. आज जगातली मोठी संग्रहालये ते जपून ठेवतात. त्यांवर सुलतानांची आणि अमिरांची नावे आहेत. ज्याने भट्टीसमोर बसून दिवा बनवला त्याचे नाव बहुतेकांवर नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ब्रोकार नावाच्या कारागिराने या दिव्यांचा अभ्यास करून तसे दिवे बनवले आणि त्यांवर स्वतःचे नाव घातले. नक्कल करणाऱ्याचे नाव राहिले, अस्सल उस्ताद बेनाम गेले.

दोष दुसऱ्यांना कशाला द्यावा? माझ्याच दुकानातली गोष्ट सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका बुजुर्ग नक्षीकारांकडून दुपट्ट्यासाठी बेलबुट्टी काढून घेतली. माल चांगला चालला. मजुरी मी पुरी दिली. एके दिवशी गिऱ्हाईकाने विचारले, “ही नक्षी कुणाची?” मी म्हणालो, “आमची.” चाचा समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत. चहा संपवला आणि उठून गेले. आज चाचा हयात नाहीत आणि त्यांचा मुलगा हे काम करीत नाही. ज्या कामात बापाचे नाव झाले नाही, त्यात मुलगा कशाला बसेल?

काही बंधू म्हणतील, नाव सांगितले तर गिऱ्हाईक थेट कारागिराकडे जाईल, नाहीतर शेजारचा दुकानदार त्याला फोडील. ही भीती खोटी नाही. पण त्यावर इलाज आहे. व्यवहार लेखी करावा, मालावर दुकान आणि कारागीर अशी दोन्ही नावे घालावीत. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नव्या नक्षीची नोंदणी दहा वर्षांसाठी होते आणि ती आणखी पाच वर्षे वाढवता येते. कारागिराला दडवून ठेवण्यापेक्षा हे बरे. दडवलेला कारागीर आज ना उद्या काम सोडतो आणि मग आपल्याजवळ विकायला नक्षीच उरत नाही.

पेपरवेटचा धंदा करायचा तर फ्रान्सचे मांजरच हवे असे नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हिमरूचे विणकाम अजून आहे. विणताना उरलेले कातरण काचेखाली बसवा आणि तळाला विणणाऱ्याचे नाव छापा. कातरणाचे मोल किती, ते आपण जाणतो. त्याच कातरणाला नावाची जोड मिळाली की ती भेटवस्तू होते, आणि विणकराच्या घरातला मुलगा ते नाव वाचतो.

मापात कमी देणे हा आपल्या दीनमध्ये गुन्हा आहे. आपण तराजू सांभाळतो, गज सांभाळतो. पण कारागिराला मजुरी देऊन त्याचे नाव आपल्या गल्ल्यात ठेवणे, हेही मापात कमी देणेच आहे. मी ते दिले आहे. तुम्ही देऊ नका.