खेळ तुमचा, किल्ली कोणाची?

दोस्तांनो, कॅरम बोर्ड एकदा घरी आणला की तो आपला. दुकान बंद पडलं म्हणून सोंगट्या काही रुसून बसत नाहीत! पण काही व्हिडिओ गेम्सचं तसं नसतं, बरं का.

'द क्रू' हा मोटारी पळवण्याचा गेम युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली आणला. अमेरिकेच्या छोटेखानी नकाशावर हवी तिकडे गाडी पळवा! अट एकच : एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट हवं. कारण कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिकडच्या मोठ्या संगणकाशी, जोडल्याशिवाय खेळ चालतच नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले. झालं! डिस्क हातात, पण खेळ गायब. पैसे मोजलेले खेळाडू चिडले नसते तरच नवल!

पण ते नुसते चिडून बसले नाहीत हं. 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम २०२४ मध्येच सुरू झाली. सर्व्हर बंद करताना खेळ चालू राहील अशी सोय करा, एवढीच मागणी. त्याच सप्टेंबरात 'द क्रू'च्या पुढच्या भागांना इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय देऊ, असं कंपनीने जाहीर केलं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाकडच्या अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

सर्व्हर चालवायला खर्च येतो, हेही खरं. म्हणून आईबाबांकडे नव्या गेमचा हट्ट धरण्याआधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'इंटरनेट आवश्यक' असं लिहिलंय? मग खेळ तुमच्या घरी येईल, पण किल्ली कंपनीच्याच खिशात राहील!