मांडवीच्या पात्रातील 'नाल'

पणजीच्या किनाऱ्याला समांतर, मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या बोटींवर रात्र चढत जाते, तसा एक विशिष्ट वर्ग तेथे जमू लागतो. पुण्या-मुंबईचा, बंगळूर-हैदराबादचा, तिशी-पस्तिशीचा, चांगल्या पगाराचा हा पुरुष स्वतःला जुगारी म्हणवून घेत नाही. तो पोकर खेळतो. नशिबाच्या चाकावर पैसे लावणाऱ्यांकडे तो काहीशा तुच्छतेने पाहतो. त्याने पुस्तके वाचलेली असतात, संभाव्यतेचे गणित घोकलेले असते आणि पुष्कळदा त्याच्याजवळ एक वहीही असते. कोणत्या रात्री किती जिंकले, किती हरले, याची नोंद तो त्या वहीत करतो. महिन्याच्या अखेरीस बेरीज मांडून तो ठरवतो की आपण 'थोडे पुढे' आहोत, किंवा 'नशीब आड आले, एरवी खेळ उत्तम झाला'.

या वहीची थट्टा करण्याचे कारण नाही. उलट ती गंभीरपणे वाचली पाहिजे. कारण तिच्यात जे लिहिलेले असते त्यापेक्षा जे लिहिलेले नसते ते अधिक महत्त्वाचे आहे. तिच्यात 'नाल' लिहिलेली नसते.

जुगाराच्या जुन्या अड्ड्यांवर प्रत्येक डावातून अड्डेवाल्याने उचलून घ्यावयाच्या हिश्श्याला नाल म्हणत. वातानुकूलित बोटीवर तिला इंग्रजी नाव मिळाले आहे, एवढाच फरक. रोख पैशांच्या पोकरमध्ये कॅसिनो स्वतः पत्ते खेळत नाही. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, एकमेकांचे पैसे जिंकतात आणि प्रत्येक डावात जमलेल्या रकमेतून टेबलाचा मालक आपला टक्का काढून घेतो. तो कधी हरत नाही, कारण तो कधी खेळतच नाही.

हा हिशेब आकड्यांत मांडला म्हणजे त्याचे स्वरूप उघडे पडते. समजा, एका टेबलावर नऊ जण प्रत्येकी 20,000 रुपये घेऊन बसले. टेबलावर एकूण 1,80,000 रुपये आले. हाताने पत्ते वाटले जात असता तासाला साधारण पंचवीस डाव होतात. प्रत्येक डावात सरासरी 5,000 रुपये जमले आणि त्यावर पाच टक्के नाल निघाली, असे धरले तर डावाला 250, तासाला 6,250 आणि आठ तासांच्या रात्रीत 50,000 रुपये मालकाच्या पेटीत गेले. पहाटे टेबलावर 1,30,000 रुपये उरले. आता त्यांपैकी दोघे निपुण खेळाडू प्रत्येकी 40,000 रुपये जिंकून उठले, तर ते 1,20,000 घेऊन गेले. उरलेल्या सातांनी मिळून 1,40,000 आणले होते. त्यांच्याजवळ सगळ्यांत मिळून 10,000 उरले. सात जणांनी 1,30,000 गमावले. त्यांतले 80,000 जिंकणाऱ्यांना मिळाले आणि 50,000 अशा माणसाला मिळाले, ज्याने एकही पत्ता हातात धरला नाही. दर बदला, मर्यादा घाला, डाव कमी-अधिक करा. आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही. टेबलावर नवी संपत्ती निर्माण होत नाही. जी येते तीच फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी थोडी झिजते.

'पण पोकर हा कौशल्याचा खेळ आहे,' हे यावरचे ठरलेले उत्तर. ते सर्वस्वी खोटे नाही. कोणते पत्ते टाकून द्यावेत, केव्हा वाढवावे, समोरच्याचा आव कसा ओळखावा, यांत अभ्यासाला आणि स्वभावाला निश्चित वाव आहे. दीर्घ काळात निपुण माणूस अनिपुण माणसापेक्षा पुढे जातो. परंतु हा दीर्घ काळ किती दीर्घ? तासाला पंचवीस डाव या गतीने शंभर तास खेळले तरी अडीच हजार डाव होतात. आणि इतक्या थोड्या डावांवरून यश कौशल्याचे की पत्त्यांच्या लहरीचे, हे कोणताही प्रामाणिक संख्याशास्त्रज्ञ सांगू धजणार नाही. महिन्यातून दोन रात्री खेळणारा हौशी माणूस वर्षानुवर्षे खेळूनही आपण निपुण आहोत की केवळ सुदैवी, हे जाणू शकत नाही. जिंकला की तो स्वतःला श्रेय देतो. हरला की पत्त्यांना दोष देतो. या धुक्यावरच टेबल चालते. आपण सातांपैकी आहोत हे त्या सातांना स्पष्ट दिसले असते, तर ते दुसऱ्या रात्री आले नसते. आणि ते आले नसते तर उरलेल्या दोघांचे कौशल्य कोणाच्या खिशावर चालले असते?

कौशल्याच्या या चर्चेने न्यायालयेही बरीच व्यापली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. पोकरच्या बाबतीत मतभेद झाले. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्याला कौशल्याचा खेळ म्हणून वाव दिला, तर गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच ठरविला. पोकरचे समर्थक 1967 च्या निकालाचा आधार मोठ्या आवेशाने घेतात. मात्र त्याच निकालातील दुसरे विधान सोयीस्करपणे विसरतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून वा अन्य खेळातून जागेचा मालक किंवा क्लब जर स्वतःसाठी नफा काढीत असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, असे न्यायालयाने त्याच ठिकाणी बजावले होते. म्हणजे खरा प्रश्न खेळाडूच्या बुद्धीचा नव्हताच. तो मालकाच्या नफ्याचा होता. मित्रांनी घरी बसून रमी खेळणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्यांच्या हारजितीवर धंदा उभारणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट, हे न्यायालयाला 1967 मध्ये दिसले होते. ते विधिमंडळांना आजही दिसू नये, याला दृष्टिदोष म्हणता येणार नाही. हे डोळे मिटून घेणे आहे.

विधिमंडळांचा हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. 1976 या एकाच वर्षी दोन कायदे झाले. गोवा, दमण व दीव या तेव्हाच्या केंद्रशासित प्रदेशाने सार्वजनिक जुगाराला आळा घालणारा कायदा केला. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देऊन त्यांवर कर बसविणारा कायदा केला. पुढे घडले ते नेमके उलटे. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्याच्या जुगारबंदीच्या कायद्याला मात्र 1992 मध्ये खिंड पाडून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट करून देण्यात आली आणि 1996 मध्ये ती खिंड रुंदावून समुद्रातील बोटींवर टेबलांवरचे खेळ खेळण्याची मुभा दिली गेली. कायद्याची भाषा समुद्रातील बोटींची. प्रत्यक्षात बोटी उभ्या राहिल्या मांडवी नदीत, राजधानीच्या ऐन दारात. विरोधी बाकांवरून त्यांना हाकलून देण्याची भाषा बोलली गेली आणि सत्तेची खुर्ची मिळताच मुदतवाढीमागून मुदतवाढ दिली गेली. या बाबतीत पक्षापक्षांत डावे-उजवे करण्यात अर्थ नाही.

या ढोंगाचा कळस 2020 च्या फेब्रुवारीत झाला. गोव्यातील रहिवाशांना कॅसिनोंत जुगार खेळण्यास त्या महिन्यापासून बंदी घालण्यात आली. हेतू स्तुत्य होता, यात शंका नाही. कॅसिनोने गोमंतकीय कुटुंबे नासतात, ही वेदना त्यामागे होती. परंतु या बंदीतून सरकारने नकळत एक कबुली दिली. जो पदार्थ घरच्या मुलांना चाखू द्यावयाचा नाही, तो पाहुण्यांच्या पानात मात्र आग्रहाने वाढावयाचा, याला आतिथ्य म्हणत नाहीत. पुण्याच्या कारकुनाचे, सोलापूरच्या व्यापाऱ्याचे, बेळगावच्या अभियंत्याचे घर काय वेगळ्या मातीचे असते?

यापुढची विसंगती केंद्रात घडली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा भेदच त्या कायद्याने बाजूला सारला आणि खेळणाऱ्याला शिक्षा न करता खेळवणाऱ्याला गुन्हेगार ठरविले. कुटुंबांची होणारी आर्थिक धूळधाण, व्यसन आणि आत्महत्या ही कारणे सरकारनेच पुढे केली. ती खरी आहेत. पण मग तोच खेळ, तेच बावन्न पत्ते, तोच पैसा, हे सारे मोबाइलच्या पडद्यावरून उठून बोटीच्या टेबलावर आले की व्यसनाचे मनोरंजन कसे होते? जुगार हा राज्यांचा विषय आहे, हे घटनात्मक उत्तर बरोबर आहे आणि अपुरेही आहे; कारण राज्यांनाही विवेक असावा, अशी घटनेची अपेक्षा आहे.

केंद्राने कॅसिनोच्या बाबतीत निवडलेला मार्ग कराचा आहे. ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर 28 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोंवरील दर 40 टक्के झाला. शिवाय पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर आहे आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. हौशी खेळाडूच्या वहीला ही तरतूद लावून पाहावी. वर्षातल्या चोवीस रात्रींपैकी दहा रात्री त्याने प्रत्येकी 20,000 जिंकले आणि चौदा रात्री प्रत्येकी 20,000 गमावले, तर त्याच्या वहीप्रमाणे तो 80,000 रुपयांनी खाली आहे. कायद्याच्या अक्षराप्रमाणे मात्र त्याने 2,00,000 रुपये मिळवले आहेत आणि त्यावर 60,000 रुपये देणे लागतो. बोटीचा मालक प्रत्येक डावात नाल काढतो, सरकार चिप्सवर आणि जिंकलेल्या रकमेवर नाल काढते. ज्याला दुर्गुण म्हणावयाचे त्याच्याच उत्पन्नावर तिजोरीची भिस्त ठेवावयाची, ही नियंत्रणाची नव्हे, भागीदारीची रीत आहे.

आणि या भागीदारीला वर्गाचा रंग आहे, हे विसरता कामा नये. कापसाच्या भावांच्या आकड्यांवरून सुरू झालेला मटका 1960 च्या दशकात मुंबईत फोफावला. गिरणीतला कामगार पगाराच्या दिवशी चार आणे, आठ आणे आकड्यावर लावी. त्याच्यासाठी 1887 चा जुगारबंदीचा कायदा होता, पोलिसांचा छापा होता, हातकडी होती आणि सुशिक्षितांचा उपदेश होता. मटका वाईटच होता. त्याने चाळीचाळीतल्या चुली विझविल्या. पण आज वस्तीतल्या पिंपळाखाली तीन पत्तीचा डाव मांडणाऱ्या हमालाला त्याच जुन्या कायद्याखाली पकडले जाते, आणि लाखांचा डाव मांडणाऱ्या बोटीला पर्यटनाच्या जाहिरातीत स्थान मिळते. गरिबाचा जुगार हा गुन्हा आणि श्रीमंताचा जुगार हा उद्योग, असे ज्या समाजाचे नीतिशास्त्र आहे, त्याला नीतिशास्त्र म्हणणे हाच एक आव आहे.

प्रौढ माणसाने आपल्या पैशाचे काय करावे हे सांगणारे तुम्ही कोण, असा प्रश्न येथे हटकून विचारला जातो. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. व्यक्तिस्वातंत्र्य ही समाजवाद्यांनाही प्रिय असलेली वस्तू आहे. म्हणूनच खेळाडूला तुरुंगात धाडण्याची मागणी येथे नाही. परंतु स्वातंत्र्य म्हणजे माहितीवर आधारलेली निवड. ज्या टेबलावर रात्रभरात किती नाल निघाली हे कोठेही लिहिले जात नाही, जेथे उजेड रात्रंदिवस सारखाच असतो, जेथे खाणेपिणे अखंड पुरविले जाते, ते निवडीचे ठिकाण नाही. निवड बोथट करण्याचे ठिकाण आहे. तसेच, खेळाडू एकटा हरत नाही. त्याच्या वहीत बायकोच्या नावाचा रकाना नसतो, मुलीच्या शिक्षणासाठी मोडलेल्या ठेवीचा नसतो, सहकाऱ्याकडून घेतलेल्या हातउसन्याचा नसतो. त्या सहीविना दिलेल्या संमतीला प्रौढांची संमती म्हणता येत नाही.

रोजगाराचा मुद्दाही मांडला जातो. बोटींवर शेकडो तरुण-तरुणी पत्ते वाटतात, ताटे उचलतात, हे खरेच. त्यांच्या पोटावर पाय देऊन नीती साधू नये. म्हणून बोटी एका रात्रीत बुडवण्याची घोषणा न करता टप्प्याटप्प्याने हे धंदे आटोपते घेण्याची आणि तेथील कामगारांना पर्यायी काम देण्याची जबाबदारी परवाने देणाऱ्या सरकारने उचलावी. बंदीने जुगार भूमिगत होतो, असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. प्रत्येक टेबलावर निघालेल्या नालीची नोंद प्रसिद्ध करणे सक्तीचे करा; प्रत्येक खेळाडूला त्याच्या वर्षाच्या हारजितीचा एकत्र ताळेबंद हातात द्या; आठवड्याला हरण्याची मर्यादा ठरवा आणि कुटुंबीयांच्या तक्रारीवरून प्रवेश रोखण्याची सोय करा. हे करण्यास मालक तयार होतात काय, ते पाहावे. खेळ खरोखरच कौशल्याचा असेल, तर उजेडाचे भय कशाला?

त्यांचा नकार हाच या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा ठरेल. तोवर मांडवीच्या पात्रात दर रात्री पत्ते पिसले जातील, दोघे हसत उठतील, सात जण आपल्या नशिबाला बोल लावतील आणि न खेळलेला दहावा माणूस शांतपणे पेटी मोजील. राज्यकर्त्यांनी या दहाव्या माणसाशी असलेले आपले नाते जाहीर करावे, नाहीतर तोडावे. तिसरा मार्ग नाही.