सळईच्या पोटातले वर्तुळ

जुन्या जालन्यातील एखाद्या पडक्या वाड्याच्या भिंतीचा चुना नखाने खरवडू पाहावा, तर नख झिजते आणि चुना जागचा हलत नाही; कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून तो पुन्हा चुनखडीचे रूप घेऊन बसलेला असतो. नवल असे, की ज्या वायूने त्या भिंतीला बळ दिले, तोच आजच्या काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोहोचला म्हणजे सिमेंटने तिच्याभोवती राखलेली क्षारता नाहीशी करतो आणि आतले लोखंड गंजू लागते.

हे स्मरण होण्याचे कारण, ‘जालना, सोने का पालना’ म्हणविणारे आमचे गाव आता लोखंडाचा पाळणा झाले आहे. येथल्या भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट, म्हणजे जाड पोलादी ठोकळे, होतात आणि रोलिंग मिलमधून तांबडीलाल सळई बाहेर पडते, ती पाण्याच्या फवाऱ्यांतून जाऊन क्षणार्धात वरून काळवंडते. त्या क्षणी सळईची साल मार्टेन्साइट नावाच्या अतिकठीण रचनेत गोठते, गाभा मात्र तप्तच राहतो आणि आतली ऊब बाहेर येता येता त्या सालीचा ठिसूळपणा उतरवते. सळई कापून, तोंड घासून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावले, तर कडेचे गडद वर्तुळ साध्या डोळ्यांना दिसते. ते एकीकडे जाड व दुसरीकडे पातळ असेल, तर पाणी सारखे बसले नाही असे खुशाल समजावे. अशी सळई वाकवण्यासाठी भट्टीत तापवणारा मिस्त्री मिलने कमावून दिलेले ते कवच स्वहस्ते घालवीत असतो.

पण वाकणे म्हणजे तरी काय? टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी 1934 साली स्वतंत्रपणे मांडले, की धातू वाकतो तो त्याच्या अणूंच्या साऱ्या ओळी एकदम सरकून नव्हे, तर जाजमावरची सुरकुती ढकलत न्यावी तशी त्यांच्या रचनेतली वैगुण्ये पुढे सरकत गेल्याने. या सरकण्याला कार्बन थोडा अडवतो, तेव्हा ताकद येते. पण फॉस्फरस धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर जमला, की धक्क्यासरशी सळई वाकण्याऐवजी तुटते. आणि भंगाराबरोबर आलेला हा फॉस्फरस येथल्या इंडक्शन भट्टीत सहजासहजी निघत नाही, हीच या धंद्यातली खरी मेख आहे.

भारतीय मानक 1786 प्रमाणे ‘एफई 500’ प्रतीच्या सळईत फॉस्फरस 0.055 टक्क्यांपर्यंत चालतो, ‘500डी’मध्ये 0.040 पर्यंतच, तुटण्यापूर्वी पहिलीने किमान 12 टक्के ताणले जावे, दुसरीने 16. दोहोंची ताकद जवळपास तीच, पण भूकंपात इमारत तगते ती या ताणले जाण्याच्या गुणाने, आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप ज्याच्या स्मरणात आहे त्या मराठवाड्याला हा चार टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटू नये.

तरीही आपले गिऱ्हाईक दुकानात भाव विचारते, वजन विचारते आणि उठते. माझी विनंती एवढीच, की सळईची गाडी दारात उतरवून घेण्यापूर्वी त्या लॉटचा तपासणी दाखला मागावा आणि त्यातला फॉस्फरसचा रकाना सर्वांत आधी वाचावा.