गाठीला टाळेबंदी लागू होत नाही

कोविडच्या काळात यकृताच्या कर्करोगाचे निदान लांबले, हे आता कोणी नाकारत नाही. वाद आहे तो त्यापुढच्या वाक्याचा. 'त्याला इलाज नव्हता' हे ते वाक्य. डॉक्टरांच्या परिषदेत ते ऐकू येते, चाकणच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येते आणि विषय तिथेच मिटतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात लाखो माणसे शिफ्टच्या घड्याळावर जगतात. त्यांच्यापुरते तरी हे वाक्य तपासून घेतले पाहिजे, नाहीतर पुढच्या साथीतही ते जसेच्या तसे वापरले जाईल.

पहिला पूर्वपक्ष असा: श्वास अडकलेला माणूस दारात असताना सहा महिन्यांच्या नियमित तपासणीचे काय घेऊन बसलात? या म्हणण्यात वजन आहे. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि त्याच आठवड्यात साथ पिंपरी-चिंचवडमध्ये पोहोचली. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या 'वायसीएम'चा, मोठा भाग कोविडला द्यावा लागला. पुढे नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभे राहिले. शिवाय यकृताची सोनोग्राफी ही साथीत नेमकी धोक्याची. खोली बंद, अंधारी, गार. रुग्ण रात्रीपासून उपाशी. उजव्या बरगडीखाली जेल लावलेला प्रोब टेकवून डॉक्टर हातभर अंतरावर बसतात आणि सांगतात, "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा." यकृत बरगड्यांखालून खाली उतरावे म्हणून हा खटाटोप. तो श्वास दहा-बारा वेळा त्याच खोलीत सोडला जातो. पहिल्या काही आठवड्यांत हे थांबवणाऱ्याला दोष देता येणार नाही.

पण काही आठवडे थांबणे वेगळे आणि थांबलेले परत सुरू करायला विसरणे वेगळे. २४ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशात रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा यांना टाळेबंदीतून वगळलेच होते. कर्करोगाच्या तपासणीवर कायद्याने बंदी कधीच नव्हती. काम करता येत होते याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. परळच्या टाटा मेमोरियलने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण दगावला नाही. ऐन टाळेबंदीत, मुंबईत, पोट उघडून शस्त्रक्रिया होऊ शकत असेल, तर वेळ ठरवून, मास्क लावून, दारे उघडी ठेवून वीस मिनिटांची सोनोग्राफी होऊ शकत नव्हती, हे कसे मान्य करायचे?

अर्थात टाटासारख्या मोठ्या संस्थेचे उदाहरण सगळीकडे लागू पडत नाही. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी मिळून केलेल्या पाहणीत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी केली आहे. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली. म्हणजे ५४ टक्के घट. क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी अशा तपासण्या ४३ टक्क्यांनी घटल्या. हे आकडे सर्व कर्करोगांचे आहेत. खास यकृताचे चित्र पॅरिस परिसरातल्या रुग्णालयांनी मांडले: साथीच्या पहिल्या सहा आठवड्यांत नव्याने निदान झालेले रुग्ण १०४, आदल्या वर्षी त्याच काळात १४५. उपचाराला महिन्याहून जास्त उशीर झालेल्यांचे प्रमाण ९.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेले. उरलेल्यांचा कर्करोग कुठे बरा झाला नव्हता. तो फक्त कोणाला दिसला नव्हता.

दुसरा पूर्वपक्ष जास्त चलाख आहे. यकृताचा कर्करोग उशिराच कळतो, साथ असो वा नसो. मग दोष साथीवर किंवा व्यवस्थेवर का? हे अर्धसत्य आहे. यकृत दुखत नाही, म्हणून हा आजार गुपचूप वाढतो, हे खरे. पण तो बहुधा अनोळखी माणसाला गाठत नाही. यकृताचा सिऱ्होसिस, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू, मधुमेहासोबतचे फॅटी लिव्हर असे त्याचे यजमान बऱ्याचदा आधीपासून माहीत असतात. म्हणूनच सिऱ्होसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला रक्तातले अल्फा फीटोप्रोटीन बघायची पद्धत आहे. सोनोग्राफी काही गाठी चुकवते, विशेषतः पोट सुटलेल्या माणसात. म्हणून तर ती पुन्हा पुन्हा करायची.

आता हिशेब बघा. या गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला सरासरी साडेचार-पाच महिने लागतात. कोणाची गाठ वेगाने वाढते, कोणाची सावकाश. तीन सेंटिमीटरची गाठ पाच सेंटिमीटर होते तेव्हा तिचे आकारमान साडेचार पट झालेले असते. म्हणजे सरासरीने दहा महिन्यांचे काम. १९९६ मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी यकृत प्रत्यारोपणासाठी जी मर्यादा घालून दिली आणि जगाने मानली, ती एकुलत्या गाठीसाठी पाच सेंटिमीटरचीच आहे. आता समजा, चाकणमधल्या एखाद्याची ऑक्टोबर २०१९ ची सोनोग्राफी निर्मळ होती. एप्रिल २०२० ची तारीख टाळेबंदीत गेली. ऑक्टोबरला काम सुटलेले, माणूस गावी. एप्रिल २०२१ ला दुसरी लाट. प्रत्येक तारीख चुकायला सबळ कारण आहे आणि बेरीज दोन वर्षांची आहे. 'उशिराच कळतो' म्हणणारे या दोन वर्षांचा हिशेब देत नाहीत.

तिसरा पूर्वपक्ष खास २०२१ चा. तेव्हा गल्लोगल्ली लोक एकमेकांना विचारत होते, "एचआरसीटीचा स्कोअर किती आला?" इतके सीटी स्कॅन झाले, त्यात यकृताची गाठ आपोआप सापडली नसती का? नाही. छातीच्या त्या स्कॅनमध्ये यकृताचा वरचा भाग येतो खरा, पण तो स्कॅन शिरेतून औषध न देता केलेला असतो. यकृताचा कर्करोग ओळखू येतो तो औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेल्या सीटीमध्ये: गाठ आधी आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळते आणि नंतर फिकी पडते. पंचवीसपैकी स्कोअर सांगणाऱ्या कागदाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र पोहोचण्याची वाट बघणे. उलट घोटाळाच वाढला. कोविडमध्येही यकृताची एन्झाइम वाढतात. एसजीपीटी वाढलेला दिसला की 'कोविडमुळे असेल' म्हणून कागद बाजूला ठेवणे फार सोपे होते.

चौथा पूर्वपक्ष माणसालाच आरोपी करतो: लोकच घाबरून आले नाहीत. घाबरले होतेच. पण महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या एका खोलीत चौघे-पाचजण राहणाऱ्या कंत्राटी कामगाराने नेमके कसे यायचे होते? पीएमपीच्या बस बंद, नाक्यावर पोलीस, ठेकेदाराचा फोन बंद. २१,००० रुपयांच्या पगारमर्यादेत बसणाऱ्याला ईएसआयचे कार्ड मिळते, पण ते नोकरीला बांधलेले. नोकरी सुटली की कार्डाची ताकद ओसरत जाते. मे २०२० मध्ये राज्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्वांना खुली केली, हे चांगलेच झाले. पण योजनेचा भर मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घेण्याच्या उपचारांवर. तक्रार नसताना करायच्या सोनोग्राफीला तिचा आधार कुठला? त्यावर 'यकृत म्हणजे दारू' हा शिक्का. हिपॅटायटिस बी घेऊन जगणारा निर्व्यसनी माणूससुद्धा या शिक्क्याला भिऊन फाइल ट्रंकेत ठेवतो.

आता मंडन. त्या २४ मार्चच्या आदेशातच, ज्या कारखान्यांची प्रक्रिया मध्येच थांबवता येत नाही त्यांना राज्याच्या परवानगीने चालू राहायची मुभा होती. खंड पडला तर नुकसान भरून येत नाही, हे तत्त्व सरकारने भट्टीसाठी मान्य केले. माझे म्हणणे इतकेच की ठराविक मुदतीने करायची कर्करोगाची टेहळणी याच जातीची आहे. 'नियमित' या शब्दामुळे ती पुढे ढकलण्याजोगी ठरत नाही. साथीच्या आराखड्यात तिचे नाव अत्यावश्यक सेवांच्या यादीत छापलेले हवे.

त्यासाठी आधी यादी हवी. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. त्यातले रुग्ण, वायसीएमचे सिऱ्होसिसचे रुग्ण आणि चिंचवडच्या मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातले रुग्ण यांची पुढच्या तपासणीच्या तारखेसह एक नोंदवही ठेवायला जम्बो रुग्णालयाइतका खर्च येत नाही. तारीख उलटली की फोन जायला हवा. माणूस लातूरला किंवा बिहारला परतला असेल, तर तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी जायला हवी.

सोनोग्राफीचे यंत्र दारोदार नेता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा ते नोंदणीच्या जागेशी बांधतो आणि ते योग्यच आहे. मग माणसाला यंत्रापर्यंत आणावे लागेल. टाळेबंदीत कंपन्यांच्या बस रांगेने उभ्या होत्या. त्यातल्या थोड्या, कोविडपासून वेगळ्या ठेवलेल्या एखाद्या तपासणी केंद्राकडे वळवण्याचा करार पालिका आणि उद्योग यांनी शांततेच्या काळातच करून ठेवावा.

कारखान्यांत वार्षिक वैद्यकीय तपासणी होते तिथे आणखी एक काम फुकटात होईल. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-फोर' नावाचा अंक निघतो. यकृतात जुने व्रण पडले असण्याची शक्यता तो सांगतो. यातले आकडे बऱ्याच रिपोर्टात आधीच छापलेले असतात. गुणाकार-भागाकार तेवढा कोणी करत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केलाच आहे.

इथे कामगार संघटना हरकत घेतील आणि ती रास्त आहे. हिपॅटायटिसची तपासणी कंपनीच्या हाती गेली, तर गेटपास नाकारायला आयते कारण मिळेल. म्हणून ही तपासणी कामगाराच्या संमतीने व्हावी, निकाल त्याच्याच हाती पडावा आणि त्यावरून कोणाचे काम काढता येणार नाही, असे लेखी असावे. या अटीशिवाय मी स्वतः या सूचनेच्या विरोधात उभा राहीन.

साथ कधी येईल हे कोणाच्या हातात नाही. पण सिऱ्होसिसच्या रुग्णाची पुढची तारीख आज कागदावर लिहिलेली असते. ती पाळण्याची जबाबदारी कोणा एका अधिकाऱ्याच्या नावावर टाका. मग पुढच्या साथीत 'इलाज नव्हता' म्हणणाऱ्याला, इलाज कोणाच्या टेबलावर पडून होता, हे नावानिशी दाखवता येईल.